सेन्सर बदलण्याआधी

कळंबोलीच्या माझ्या गाळ्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात सेन्सर भरलेत. ऑइल प्रेशरचे, टेम्परेचरचे, हायड्रॉलिकचे, दोन-चार स्पीडचे. सगळे लोकांनी जेसीबी, पोकलेन, डंपर अशा मशीनमधून ‘खराब’ म्हणून काढून टाकलेले. पावसाळ्यात काम मंदावलं की मी एकेक काढून टेबलावर तपासतो, आणि त्यातले बरेच धडधाकट निघतात. म्हणजे कुणीतरी काही हजार रुपये मोजून नवा सेन्सर आणला, जुना चांगला फेकला आणि मशीनचा बिघाड होता तिथेच राहिला.

यात मेकॅनिकचा दोष नाही असं नाही, पण अर्धा दोष स्क्रीनचा आहे. मशीनच्या स्क्रीनवर बिघाडाचा कोड येतो, शेजारी ‘इंजिन ऑइल प्रेशर सेन्सर’ असं लिहिलेलं, आणि आपण समजतो की सेन्सर गेला. खरं तर त्या कोडचा अर्थ इतकाच, की त्या सेन्सरच्या वाटेवर काहीतरी बिनसलंय. वाटेवर सेन्सर आहे, कनेक्टर आहे, दहा-बारा फूट वायर आहे, दुसऱ्या टोकाला कंट्रोलर, म्हणजे मशीनचा छोटा कॉम्प्युटर आहे आणि सेन्सर ज्याच्यावर नजर ठेवतो ते इंजिनही आहे. या सगळ्यांत सेन्सर बदलायला सगळ्यात सोपा, म्हणून तोच बळी जातो.

पूर्वी हे दुखणं नव्हतं. जुन्या मशीनला टेम्परेचरचा एक काटा, ऑइलचा एक लाल दिवा, की झालं. १ एप्रिल २०२१ पासून चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही-४ ही प्रदूषणाची मानकं लागू झाली आणि आपल्या रोजच्या जेसीबीतही डिझेलचा थेंबन् थेंब कंट्रोलरच्या हिशेबाने पडू लागला. पोकलेनमध्ये तर त्याही आधीपासून पंप आणि इंजिन एकमेकांशी वायरीतून बोलतायत. (एक्स्कॅव्हेटर कुठल्याही कंपनीचा असो, आपण त्याला पोकलेनच म्हणतो, ते मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव.) उलव्याच्या टेकड्या फोडताना, घोडबंदर रोडला पाया खणताना जी मशीन दिसतात, त्यांच्या पोटात हायड्रॉलिकच्या नळ्यांइतकंच वायरींचं जाळं असतं.

आधी सेन्सर बोलतो कसा ते बघू. प्रेशरच्या सेन्सरला बहुतेक वेळा तीन वायरी असतात. एकीतून कंट्रोलर त्याला ५ व्होल्ट देतो. बॅटरी २४ व्होल्टची असली तरी सेन्सरला मोजून ५च, कारण बॅटरी खालीवर होत राहते आणि मोजमापाला पक्की पट्टी लागते. दुसरी वायर परतीची, म्हणजे सेन्सरची अर्थ. तिसरी सिग्नलची. प्रेशर शून्य असेल तर सिग्नलवर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण असेल तर साडेचार. मधलं सगळं त्याच प्रमाणात.

नवीन पोरं इथे हमखास विचारतात, शून्याला शून्य व्होल्ट का नाही? समजा मुकादमाने फोन करून विचारलं, “आज किती ट्रिपा झाल्या?” आणि तुम्ही म्हणालात, “एकही नाही.” हे उत्तर आहे. फोन लागलाच नाही, तर ते उत्तर नाही. अर्धा व्होल्ट म्हणजे ‘एकही नाही’. शून्य व्होल्ट म्हणजे फोन लागत नाही: वायर तुटली, नाहीतर बॉडीला टेकली. तसंच वरच्या बाजूला साडेचारच्या पुढे थेट पाच दिसले, तर सिग्नलची वायर ५ व्होल्टला चिकटलीय किंवा परतीची वायर सुटलीय. खाली अर्धा आणि वर अर्धा व्होल्ट रिकामा ठेवलाय तो एवढ्यासाठीच, की प्रेशर बिघडलंय की वायर बिघडलीय हे कंट्रोलरला वेगळं सांगता यावं.

आणि तो सांगतोही. आपण ऐकत नाही.

इंजिनाच्या कोडची भाषा बहुतेक मशीनवर एकच असते, जे१९३९ नावाच्या मानकाची. काही कंपन्या स्क्रीनवर स्वतःचे आकडे दाखवतात, पण स्कॅनर, म्हणजे कोड वाचायचं यंत्र, लावलं की खाली हीच जोडी सापडते: एसपीएन आणि एफएमआय. एसपीएन म्हणजे कोणाबद्दल बोलतोय. १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं टेम्परेचर, १०२ म्हणजे टर्बोचं बूस्ट, म्हणजे इंजिनात दाबून भरलेल्या हवेचं प्रेशर, १५७ म्हणजे डिझेल रेलचं, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं प्रेशर. एफएमआय म्हणजे त्याला काय झालंय. लोक पहिला आकडा वहीत लिहून घेतात आणि दुसरा सोडून देतात. फोनवर मला सांगतात, “शंभर नंबर आलाय.” अरे, पण शंभर काय?

एफएमआय ० आणि १ म्हणजे आकडा विश्वासाचा आहे, पण धोक्याच्या वर किंवा खाली गेलाय. इथे सेन्सर ठणठणीत आहे, आजारी आहे ते इंजिन. एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज वर चिकटलाय, ४ म्हणजे खाली पडलाय. ५ म्हणजे करंट जातच नाही, बहुतेक वायर तुटलीय. ६ म्हणजे करंट नको तितका जातोय. या चौघांत वायरिंगचा संशय आधी. २ म्हणजे आकडा उड्या मारतोय, म्हणजे लूज कनेक्शन शोधायला घ्या. बाकीचेही आहेत, पण साईटवर रोजचं काम एवढ्यावर भागतं.

हा फरक मी कसा शिकलो ते सांगतो. नवीन होतो, तळोज्याजवळ एका खडी क्रशरवर लोडर होता. १०० आणि १. मी सेन्सर बदलला, कोड परत आला. म्हटलं नवा माल डुप्लिकेट असणार. दुसरा आणला, तरी तेच. तिथले म्हातारे मिस्त्री चहा पीत माझा तमाशा बघत होते. त्यांनी सेन्सरच्या भोकात साधा काट्याचा गेज लावला आणि सेल्फ मारायला सांगितलं. काटा जेमतेम उठला. म्हणाले, “अरे, तो बिचारा खरं बोलतोय आणि तू त्यालाच मारतोयस.” ऑइल पंपच गेला होता. आणखी दोन दिवस मी सेन्सरशी खेळत बसलो असतो, तर बेअरिंग गेली असती. म्हणून १०० आणि १ दिसलं की इंजिन बंद करायचं. आधी डिपस्टिक, मग गेज, मग बाकीचं. सेन्सरचा प्लग काढून ‘आता दिवा येत नाही, चालव’ म्हणणारे ऑपरेटर मी पाहिलेत. त्यांच्या मालकांची इंजिनंही नंतर उघडलेली पाहिली.

आता समजा एफएमआय ३ किंवा ४ आहे, म्हणजे वायरिंगवर संशय. तरी मीटर बाहेर काढायच्या आधी ऑपरेटरला चार प्रश्न विचारायचे. कधीपासून येतंय? त्याच्या आदल्या दिवशी काय झालं, मशीन धुतलं, बकेटला वेल्डिंग केलं, दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडून चालू केलं, उंदीर दिसला? थंड असताना येतं की गरम झाल्यावर? उभं असताना की लोड घेताना? ऑपरेटर दिवसाचे दहा तास त्या सीटवर असतो. त्याला व्होल्ट कळत नसतील, पण मशीनचा आवाज बदललेला त्याला आपल्या आधी कळतो. त्याला ‘भाऊ’ म्हणून चहा पाजून विचारलेल्या पाच मिनिटांनी माझे अख्खे दिवस वाचवलेत.

मग डोळ्यांनी बघायचं. इकडे ठाण्या-पनवेलच्या पट्ट्यात तर फारच, कारण खाडीची खारट हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस तांब्याला सोडत नाहीत. कनेक्टर उघडला आणि पिनेवर हिरवट पावडर दिसली, की गुन्हेगार अर्धा सापडला. ही हिरवळ नुसती पिनेवर थांबत नाही. वायरीच्या प्लॅस्टिकच्या आतून केसासारख्या तारांच्या फटींतून पाणी वर चढतं आणि हातभर लांब तांबं काळं पडलेलं सापडतं. म्हणून एक हात जोडून विनंती: वायर तपासायला तिच्या इन्सुलेशनमध्ये टाचणी टोचू नका. ते भोक डोळ्यांना दिसत नाही, पण पहिल्याच पावसात पाण्याला दिसतं. मीटरची बारीक पिन कनेक्टरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने आत सरकवायची. आणि मशीन धुताना प्रेशरचा पाइप कनेक्टरवर धरू नका. त्याचं सील पावसासाठी असतं, त्या धारेसाठी नाही.

पिना साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे वापरायचा. पॉलिश पेपर नको, त्याने पिनेवरचा मुलामा निघून जातो आणि महिन्याभरात ती पुन्हा हिरवी होते. बेअरिंगचं ग्रीस तर नकोच.

यापुढची युक्ती मला फार आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत. मशीन रात्रभर उभं राहू दे. सकाळी इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन करा आणि स्क्रीनवर नाहीतर स्कॅनरवर सगळी टेम्परेचर वाचा: कूलंट, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, आत येणारी हवा. रात्रभर सगळं एकाच हवेत थंड झालंय, तर आकडेही जवळपास एकच हवेत. बाकी सगळे २७-२८ म्हणतायत आणि एकटा ४६, तर त्याच्याकडे बघा. कोड आलेला नसतानाही खोटं बोलणारा सेन्सर असा सापडतो. बूस्टच्या सेन्सरचंही तसंच. तो ॲब्सोल्यूट प्रेशर दाखवत असेल तर बंद इंजिनवर त्याने बाहेरच्या हवेचंच प्रेशर दाखवलं पाहिजे. आपण समुद्राच्या पातळीला राहतो, त्यामुळे आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास हवा.

दोन वायरींच्या टेम्परेचर सेन्सरसाठी काढा-आणि-जोडा अशी एक परीक्षा आहे. या सेन्सरच्या आत एक रेझिस्टन्स असतो, जो तापला की कमी होतो. कंट्रोलर स्वतःच्या आतल्या एका रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरने त्यातले किती खाली ओढले ते बघतो. सेन्सरचा प्लग काढला, तर ओढणारं कुणीच नाही, म्हणजे सिग्नल ५ व्होल्टवर जातो. कंट्रोलरला वाटतं बाहेर उणे चाळीस डिग्री आहे. (कळंबोलीत!) प्लगच्या दोन्ही पिना छोट्या वायरीने एकमेकींना जोडल्या, तर सिग्नल शून्यावर, म्हणजे भयंकर गरम.

आता हे कोडवर लावू. कोड होता ४, खाली पडलेला. प्लग काढला. कोड ३ झाला, तर वायर आणि कंट्रोलर दोघांनी बदल ओळखला, म्हणजे ते बरोबर आहेत. शॉर्ट सेन्सरच्या आत आहे. प्लग काढूनही ४च राहिला, तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला टेकलीय. उलट बाजूने: कोड होता ३. प्लगच्या पिना जोडल्या आणि ४ झाला, तर वायरिंग ठीक, सेन्सर आतून उघडलाय. जोडूनही ३च, तर वायर तुटलीय. काही मशीनमध्ये कोड बदलायला चावी बंद-चालू करावी लागते, तेवढा धीर धरा. पाच मिनिटांत, एका बोटभर वायरीने निकाल लागतो. फक्त एक ध्यानात ठेवा, जोडाजोडीचा हा खेळ दोन वायरींच्या सेन्सरपुरताच. तीन वायरींच्या प्लगमध्ये अंदाजाने पिना जोडल्यात तर ५ व्होल्टची वाट थेट अर्थला मिळते. आणि २४ व्होल्टचा बल्बवाला टेस्टर सेन्सरच्या कुठल्याही पिनेला लावायचा नाही. तो बल्ब जितका करंट ओढतो तितका द्यायची कंट्रोलरच्या त्या पिनेची ताकद नसते. डिजिटल मल्टिमीटरच हवा.

तीन वायरींना मीटर असं लावा. प्लग काढा, चावी ऑन, ५ व्होल्टच्या आणि परतीच्या पिनेमध्ये मोजा. पाचाच्या आसपास मिळाले, तर दोन वायरी एका दमात पास. नाही मिळाले, तर आता खरी गंमत.

ही गंमत मला उलव्याच्या बाजूला एका साईटवर भेटली. पोकलेन, विसेक टनाचं. दिवसातून तीन-चारदा मशीन मधेच दम सोडायचं, स्क्रीनवर एकदम चार-पाच कोड, सगळे ४चे: ऑइल प्रेशर, बूस्ट, रेल. चावी बंद करून चालू केली की गायब. माझ्या आधी कुणीतरी दोन सेन्सर बदलून गेला होता आणि तिसऱ्याची ऑर्डर दिलेली होती. मालकांचं म्हणणं, “साहेब, सगळेच सेन्सर एकदम खराब निघाले बघा.”

सगळे एकदम खराब होत नाहीत. इमारतीत एकाच घरची लाइट गेली तर त्याचा फ्यूज बघायचा; अख्ख्या मजल्याची गेली तर घरोघरी जाऊन बल्ब बदलायचे नसतात. कंट्रोलर प्रत्येक सेन्सरला वेगळे ५ व्होल्ट देत नाही. एकाच वायरीतून तीन-चार सेन्सरना वाटतो. त्यातला एकजण शॉर्ट झाला की सगळ्यांचा वीजपुरवठा बसतो आणि सगळे एका सुरात ओरडतात. यादीत नीट बघितलं तर आणखी एक कोड होता, ३५०९, म्हणजे सेन्सरना जाणाऱ्या पुरवठ्याचाच. तो सगळ्यात खाली होता आणि त्यात ‘सेन्सर’चं नाव नव्हतं, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

अशा वेळी ५ व्होल्टच्या वायरीवर मीटर लावून ठेवायचं आणि त्या वायरीवरचे सेन्सर एकेक करून काढत जायचं. एखादा काढताच मीटर उडी मारून पाचावर गेलं, तर तोच आतून शॉर्ट. सगळे काढूनही मीटर खालीच, तर शॉर्ट वायरीत आहे. माझ्या नशिबी मात्र त्या दिवशी तिसरंच होतं: मशीन उभं असताना मीटर बरोबर ५.०१ दाखवत होतं. बिघाड फक्त काम करताना येत होता.

मग मीटर मिन-मॅक्सवर टाकलं. या बटणात मीटर सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवतं, आपली नजर चुकली तरी. हेल्परला मीटरसमोर बसवलं आणि मी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हातात धरून कंट्रोलरपासून इंजिनपर्यंत वीत-वीत हलवत गेलो. मीटरवर नजर नसेल तर ही हलवाहलव फुकट, हे सांगायला नकोच. पंपाच्या बाजूला, जिथे हार्नेस एका पट्टीखालून वळतो, तिथे हात लावला आणि हेल्पर ओरडला, “दादा, गेला, शून्य!” पट्टीच्या आतला रबर कधीच पडून गेला होता. इंजिन लोडवर आलं की आपल्या माउंटिंगवर थोडं कलतं, तेवढ्याने पट्टीची उघडी कड वायरीवर घासायची. दोन वर्षांत तिने टेप कापली, नळी कापली, इन्सुलेशन कापलं. उभ्या मशीनवर वायर पट्टीपासून सुतभर लांब राहायची, लोडवर टेकायची.

दुरुस्तीला लागलं काय, तर इंचभर नळी, टेप आणि सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा. शोधायला लागला अर्धा दिवस. मालकांना बिल अर्ध्या दिवसाचं लावलं, तर म्हणाले, “एवढ्याशा टेपचे एवढे?” असो.

परतीच्या वायरीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिथे आपले वायरमन एक ठरलेली चूक करतात. सेन्सरची अर्थ तुटलेली दिसली की ते जवळच्या बोल्टवर वायर मारून ‘बॉडी अर्थ’ देतात. लाइटसाठी ठीक आहे. सेन्सरची परतीची वायर मात्र कंट्रोलरकडेच जायला हवी, कारण तो तिथूनच शून्य मोजतो. बॉडीतून लाइट, हॉर्न, अल्टरनेटर सगळ्यांचा करंट जातो आणि जागोजागी थोडा-थोडा व्होल्टेज उरतो. ०.१ व्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हायड्रॉलिकचा सेन्सर ० ते ५०० बारचा (बार हे प्रेशरचं माप) असेल, तर चार व्होल्टमध्ये पाचशे बार बसवलेत, ०.१ व्होल्ट म्हणजे साडेबारा बार. रात्री लाइट लावल्या की प्रेशर वाढलेलं दिसतं आणि सकाळी बरोबर, अशी तक्रार आली तर मी आधी अशी कुणीतरी दिलेली अर्थ शोधतो. तपासणी सोपी: मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल वायर सेन्सरच्या परतीच्या पिनेवर मागून, सेन्सर जोडलेला, इंजिन चालू, सगळ्या लाइट लावून. आकडा ०.१च्या बराच खाली हवा.

नुसता ओहम मोजून वायर पास करू नका, हेही याच्याच पोटातलं. वायरीत वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतं. ओहमची परीक्षा वायर रिकामी बसलेली असताना होते, काम करताना नाही. त्यामुळे पुरवठ्याच्या जाड वायरीसाठी तर व्होल्टेज किती पडतो तेच बघायचं, तेही लोडवर.

स्पीडच्या सेन्सरला फार वेळ देत नाही. दोन वायरींचा असेल तर त्याच्या टोकाला चुंबक असतं आणि चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो. काढा, पुसा, गॅप बघून परत लावा. बऱ्याचदा तेवढंच असतं.

कोडमध्ये सेन्सरच नाही, ‘कम्युनिकेशन’ असं येत असेल तर प्रश्न कॅनच्या दोन वायरींचा. मशीनमधले सगळे कंट्रोलर एकमेकांशी या पिळलेल्या जोडीवर बोलतात, आणि जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टन्स असतो. बॅटरीचा मेन स्विच बंद करा, डायग्नोसिसच्या गोल नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये सी आणि डी पिनांत ओहम मोजा. ६० आले तर जोडी जागेवर आहे, कारण १२०चे दोन समांतर. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. ४० आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टन्स घालून ठेवलाय, आणि इथे मी मशीनला कुठलं जीपीएस बसवलंय का ते विचारतो. ट्रॅकर बसवणारी मुलं घाईत असतात. कॅनची जोडी सोलून त्यावर वायर गुंडाळून टेप मारतात आणि निघून जातात. मशीन दोन महिने बरं चालतं. मग पाऊस येतो.

वेल्डिंगचं मघाशी ओझरतं बोललो. बकेटचा दात नाहीतर बूमची भेग वेल्ड करायची असेल तर आधी बॅटरी सोडवायची, कंट्रोलरचे प्लग काढायचे आणि वेल्डिंगची अर्थ वेल्ड करायच्या जागेजवळच, त्याच तुकड्यावर लावायची. ती लांब चेनवर लावली, तर वेल्डिंगचा करंट परतीची वाट शोधत अख्ख्या मशीनमधून जातो, आणि वाटेत बेअरिंग, पिन, सेन्सर जे काही येईल त्याच्यातून. वेल्डिंगच्या दुसऱ्या दिवशी एकदम नवेनवे कोड आले, तर ते योगायोगाने आलेले नसतात.

वायर तुटलेली सापडली तर जोड असा करा: क्रिम्प स्लीव्ह, म्हणजे दाबून बसवायची धातूची नळी, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. सोल्डर केलं तर वायर सोल्डरच्या कडेला ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच पुन्हा तुटते. शेजारच्या दोन वायरींचे जोड एकाच जागी नको, पुढेमागे ठेवा. कॅनची जोडी असेल तर पीळ परत तसाच द्या. आणि कनेक्टरच्या आधी वायरीला थोडा खाली झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातून ठिबकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही.

हे सगळं करून पुरवठा बरोबर, परतीची वायर बरोबर, सिग्नलची वायर तुटलेली नाही, आणि तरी सेन्सरचं म्हणणं काट्याच्या गेजशी जुळत नाही, तर मग सेन्सर खरंच गेला. जातातही. तेव्हा पार्ट नंबर बघून आणा, नुसता ‘सेम टू सेम’ नको.

डब्यात एका सेन्सरला मी निळी टेप गुंडाळून ठेवलीय. तो एका डंपरवरून काढलाय. जुन्या ऑइल प्रेशर सेन्सरचा कनेक्टर हिरवा पडला होता, कोड यायचा ३. कुणीतरी कनेक्टर साफ करायच्या ऐवजी नवा सेन्सर आणला. आटे तेच, प्लग तोच, बसलाही घट्ट. ओढाताणीत कनेक्टरचा कॉन्टॅक्टही झाला, त्यामुळे ३ गेला. मात्र आठवड्याने १ येऊ लागला, प्रेशर कमी. आता माझ्या डोक्यात म्हातारे मिस्त्री. सेन्सर खरं बोलत असणार! गेज लावला, तर चक्क ४ बार. स्क्रीनवर अडीच. इंजिन निरोगी.

सेन्सर काढून बाजूचा बारीक नंबर भिंगाने वाचला. मशीनला हवा होता ० ते १० बारचा, हा होता ० ते १६चा. चार बारला हा दीड व्होल्ट देत होता, आणि कंट्रोलर आपल्या दहाच्या पट्टीने दीड व्होल्टचा अर्थ लावत होता: अडीच बार. दोघेही आपापल्या परीने बरोबर.

जुना सेन्सर अजून ड्रायव्हरच्या सीटखाली पडला होता. पिना स्प्रेने धुतल्या, नवं सील टाकलं आणि तोच परत बसवला.